परळचे अमेरिकन बगळे

जुनी भांडी जमवणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान दिवाळीला झटकता येते. किस्से मात्र निघत नाहीत, उलट दरवर्षी त्यात नव्यांची भर पडते. परवा माझ्या मुलीने विचारलंच, "बाबा, तुम्ही लोक नक्की भांडी जमवता की भानगडी?"

आता आधी सांगून टाकतो, कारण लोक हमखास विचारतात. आम्ही जमवतो ती अमेरिकन आर्ट पॉटरी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडे काही कारागिरांनी आणि चित्रं काढणाऱ्या बायकांनी फुलदाण्या, वाडगे, सुरया हाताने घडवायला, रंगवायला सुरुवात केली. त्यातली काही बोटीवरच्या लोकांबरोबर, काही इथे राहून गेलेल्या साहेबलोकांच्या सामानात मुंबईला आली आणि इथेच राहिली. ती शोधायची, पुसायची, एकमेकांना दाखवून जळवायचं, हा आमचा उद्योग.

मंडळ तिघांचं. कांबळे सर, म्हणजे परळच्या आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर, आता रिटायर्ड. हिराताई, शीव कोळीवाड्याची, दादरला मासे विकते. आणि मी मोहन, सरांचा जुना विद्यार्थी. गिरगावात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सरांच्या बायकोला, कांबळे काकूंना, मंडळात घ्यायचा ठराव आम्ही दोनदा केला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "मी भांडी घासते तेवढी पुरे आहेत."

*

ह्या छंदाची एक वाईट खोड असते. भांडं दिसलं की उलटं करून बूड बघायचं. कारखान्याचा शिक्का, कारागिराची खूण, सगळं बुडाला असतं. ही खोड इतकी अंगात मुरते की मी हॉटेलात सूपचा बाऊलही डोक्यावर धरून बघतो. सूप संपल्यावर. बहुतेक वेळा.

माझ्या पुतण्याच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही माटुंग्याला मुलीच्या घरी गेलो होतो. मोठी माणसं बसली, पोहे आले, देण्याघेण्याचा विषय नको म्हणून दोन्हीकडचे हवापाण्यावर बोलत होते. माझं लक्ष दाराशी. कोपऱ्यात कंबरेएवढी तपकिरी फुलदाणी, त्यात छत्र्या खोचलेल्या. तिची झिलई बघून मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मी उठलो. छत्र्या बाजूला काढल्या. आणि सगळ्यांच्या समोर ती फुलदाणी उचलून उलटी केली.

शिक्का नव्हताच. पण आतून सिगारेटची चार पाकिटं, दोन लायटर आणि बडीशेपेची एक पुडी धबाधबा खाली पडली. मुलीच्या वडिलांनी सिगारेट सोडून सहा वर्षं झाली होती. म्हणजे घरात तशी समजूत होती!

मुलीची आई शांतपणे उठली, पाकिटं उचलली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "मुलगा आम्हाला पसंत आहे. तारीख तुम्ही काढा. आता जरा आम्हाला घरातलं बोलायचंय."

लग्न झालं, छान झालं. व्याही आजही माझ्याशी तुटक बोलतात. विहीणबाई मात्र दर दिवाळीला न चुकता मला वेगळा फराळाचा डबा पाठवतात.

*

कांबळे सरांना हा नाद कसा लागला, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी तेव्हा आठवीत होतो.

हेडमास्तरांच्या केबिनमध्ये एक हिरवं भांडं होतं, हातभर उंच. काकडीच्या सालीसारखा रंग, अजिबात न चमकणारा. दोन्ही बाजूंना एकेक लांब पायांचा बगळा, मातीतच उठवलेला. बगळ्यांना डोळे नव्हते. कारागिराने डोळ्याच्या जागी नुसता बारीक खळगा ठेवला होता आणि त्यामुळे ते पक्षी झोपलेत की विचार करतायत, काही कळायचं नाही. मला हे इतकं नीट आठवतं, कारण त्या भांड्यात हेडमास्तर छड्या ठेवायचे आणि मी तिथे वरचेवर उभा असायचो.

शाळेला रंग द्यायचं ठरलं तेव्हा अडगळीत टाकायच्या यादीत ते भांडं आलं. सर केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "मी नेऊ का?"

हेडमास्तर म्हणाले, "न्या की. पण मग छड्या कशात ठेवू?"

"त्यांचीही काळजी करू नका," सर म्हणाले, "त्याही नेतो."

आणि दोन्ही घेऊन सर चालत नायगावच्या चाळीत गेले. नवीन छड्यांची मागणी करायला हेडमास्तरांना पुढे तीन महिने लागले. आमच्या बॅचच्या आयुष्यातले ते सर्वात सुखाचे तीन महिने. काकूंनी त्या छड्यांवर टोमॅटोचे वेल चढवले.

भांड्याच्या बुडाचा शिक्का कुठला, हे शोधता शोधता सर फोर्टमधल्या लायब्रऱ्यांमधून फिरले, पुस्तकं उतरवून काढली आणि कायमचे कामातून गेले. पुढे सरांकडे तीसेक भांडी झाली, पण हा बगळ्यांचा नंबर पहिला. त्याला सर कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी मला हातात देऊ लागले, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

*

हिराताई मंडळात आली ती सरांच्या बांगड्यांमुळे. बांगडे म्हणजे मासे.

दादरच्या बाजारात तिच्या पाटाशेजारी एक गुबगुबीत निळं भांडं असायचं, त्यात ती सुटे पैसे टाकायची. तिच्या सासऱ्याला कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाने दिलेलं. सरांनी ते बघितलं आणि बघत राहिले. एकदम विचारायचं कसं? म्हणून सर रोज तिच्याकडून बांगडे घ्यायला लागले. सुटे नाहीत म्हणायचं, म्हणजे ती भांड्यात हात घालणार, भांडं थोडं फिरणार आणि सरांना दुसरी बाजू दिसणार!

तेवीस दिवस घरात बांगडे. चोविसाव्या दिवशी काकू सरांच्या मागोमाग बाजारात गेल्या. बघतात तर नवरा कोळणीसमोर हरवल्यासारखा उभा.

काकूंनी पदर खोचला. पण हिराताई त्यांच्याआधी बोलली. "बाय, डोकं थंड ठेव! तुज्या मास्तरांची नजर माज्यावर नाय, माज्या मडक्यावर हाय. मना पयल्या दिवशीच कललंय."

"मग सांगितलं का नाहीस?" सर म्हणाले.

"बांगडं खपत व्हतं ना!"

भांडं तिने विकलं नाहीच. उलट सरांनी त्याची माहिती सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून सुट्या पैशांना प्लॅस्टिकचा डबा आला आणि निळं भांडं घरी कपाटात गेलं. पंधरा दिवसांनी तिने दुसरं विकत घेतलं.

*

घासाघीस करावी तर हिराताईने. चोरबाजारात आमचा एक ठरलेला दुकानदार आहे, युसुफभाई. सर त्याच्याकडे गेले की आधी भांड्याचं तोंड भरून कौतुक करतात आणि मग किंमत विचारतात. मग युसुफभाई कशाला कमी करतोय!

हिराताई पापलेट बघावं तसं भांडं बघते. उचलते, वास घेते, टिचकी मारते, तोंड वाकडं करते. एकदा तिच्या मनात एक छोटी पिवळी सुरई भरली. युसुफभाईने जो आकडा सांगितला तो ऐकून मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

"ताई, अमेरिकन माल है," तो म्हणाला, "सौ साल पुराना."

"शंभर वर्सांचा?" हिराताईने सुरई खाली ठेवली. "अरे भाय, आमी सकालचा माल संध्याकाली अर्ध्या भावात देताव. तू शंभर वर्सांचा शिला माल ताज्याच्या भावात विकतो?"

युसुफभाईला तीस वर्षांत असा युक्तिवाद कुणी ऐकवला नव्हता. तो हसायला लागला, मग खोकायला लागला आणि खोकता खोकताच अर्ध्यावर आला.

*

चाळ पाडायची ठरली आणि सरांना समोरच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर जागा मिळाली. टेम्पोत भांडी द्यायला सर तयार नव्हते. रस्ता ओलांडायचा तो काय, पण मध्ये मेट्रोच्या कामाचे खड्डे.

शेवटी चाळच मदतीला आली. बायका म्हणाल्या, "सर, एकेक आम्ही नेतो." सर गेटवर उभे राहून प्रत्येकीला सूचना देत होते. कानाला धरू नका, तोंडाला धरू नका, पोटाशी धरा. आता बायकांना भांडं पोटाशी धर म्हटल्यावर त्या कशी धरणार? सगळ्यांनी कमरेवर घेतलं. वर पदर. एकामागे एक रांग. जयंतीच्या मिरवणुकीत दिसत नाही एवढी शिस्त!

टॉवरच्या संगमरवरी लॉबीत ती रांग शिरली. बिल्डरचा साईट मॅनेजर त्याच वेळी फ्लॅट विकत घेणाऱ्या एका श्रीमंत जोडप्याला लॉबी दाखवत होता. कमरेवर भांडी घेतलेल्या तीस बायका बघून त्याचा चेहरा पडला. तो धावतच आला.

"अहो ताई, प्लीज! इथे पाणी चोवीस तास आहे! कोणी सांगितलं तुम्हाला पाणी नाही म्हणून?"

सर्वात पुढे हिराताई होती. ती न थांबता म्हणाली, "असू दे. आमचं आमी आनलंय."

ते जोडपं परत दिसलं नाही म्हणतात.

*

मग मार्थाबाई आल्या. ह्या अमेरिकेतल्या, स्वतः भांडी जमवणाऱ्या. इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर माझी त्यांची ओळख झाली होती. मुंबईला येतेय म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना सरांकडे घेऊन गेलो.

बाई एकोणिसाव्या मजल्यावर आल्या आणि शोकेस बघून मटकन खालीच बसल्या. सर इंग्रजीत बोलायचं म्हणून आदल्या दिवसापासून बेचैन होते. पण पाच मिनिटांत दोघं जमिनीवर बसून भांडी उलटी करत होते आणि त्यांना कुठल्याच भाषेची गरज नव्हती. बगळ्यांचं भांडं सरांनी स्वतः बाईंच्या हातात दिलं. बाईंचे डोळे भरले. काकूंनी खीर केली होती, तिला कुणी विचारत नव्हतं.

निघताना बाईंनी सरांसाठी आणलेली भेट काढली. खूप शोधून, हाताने घडवलेली, खास कलाकुसरीची वस्तू म्हणून त्यांनी आपल्या गावातल्या भारी दुकानातून घेतली होती. सरांनी कागद सोडवला. आत लाल मातीचा दिवा, जाळी कोरलेला.

सरांनी सवयीप्रमाणे तो उलटा केला. मग चष्मा वर केला. मग मला दिला. खाली बारीक अक्षरात धारावीच्या कुंभारवाड्याचा पत्ता होता. सरांच्या घरापासून बसने वीस मिनिटं.

"काय म्हणू रे त्यांना?" सर माझ्या कानात पुटपुटले.

मी म्हटलं, "थँक यू म्हणा."

सरांनी थँक यू म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून हळूच मराठीत म्हणाले, "बाई, एवढी वजनाची बॅग कशाला केलीत? मला सांगायचंत, मीच जाऊन आणला असता."

*

आता माझ्या पापाकडे येतो.

मार्थाबाईंनी परत गेल्यावर बगळ्यांच्या भांड्याचे फोटो मागितले. विशेषतः बुडाचा. सर आणि काकू तेव्हा आठ दिवस मुलीकडे नाशिकला गेले होते आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. श्रावण होता, हवेत दमटपणा. मी भांडं उचललं, उलटं केलं, एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने खिशातला मोबाईल काढायला गेलो.

घामेजल्या हातातून भांडं निसटलं. आवाज फारसा झालाच नाही. भांड्याचा काठ तुटला आणि एका बाजूच्या बगळ्याचं डोकं चोचीसकट भुगा होऊन पडलं.

मी फरशीवर बसून रडलो. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण रडलो. मग हिराताईला फोन केला. ती पाटी डोक्यावर घेऊन थेट बाजारातून आली.

"रडतस कशाला? आधी तुकडं गोला कर."

तुकडे तिने तिच्या पाटीत केळीच्या पानावर मांडले आणि आम्ही लालबागला बाळू पेंटरकडे गेलो. बाळू गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करतो. सोंडेचा तडा असा बुजवतो की खुद्द मूर्तिकाराला सापडणार नाही. पण गणपती पंधरा दिवसांवर आलेले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"आता? आता मी माझ्या सख्ख्या बापाचं काम घेणार नाही," बाळू म्हणाला.

हिराताई म्हणाली, "तुज्या बापाला मी सुरमई कापून दिल्याय. बस खाली."

बाळू बसला. सहा दिवस त्याने आम्हाला आत येऊ दिलं नाही. सातव्या दिवशी फोन आला. आम्ही गेलो. त्याने फडकं काढलं आणि मला क्षणभर वाटलं की मी ते फोडलंच नव्हतं. तोच काठ. तोच काकडीचा हिरवा, न चमकणारा. चोच जागेवर, मान जागेवर.

आणि डोळा.

बाळूने बगळ्याला डोळा काढला होता. लांब, पाणीदार, वर काळीभोर रेघ, कोपऱ्यात किंचित लाली, मध्ये बुबुळ आणि त्यात पांढरा ठिपका. गणपतीचा असतो तसा. अमेरिकन बगळा आमच्याकडे अपार मायेने बघत होता.

"बाळू," मी म्हटलं, "ह्याला डोळा नव्हता रे!"

"तेच तर. राहून गेला होता. मी काढून टाकला," बाळू म्हणाला. "त्याचे पैसे देऊ नका."

"पुसून टाक."

बाळूचा चेहरा एकदम बदलला. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "डोळ्यांची आखणी झाली की मूर्तीत जीव येतो. आखणी झालेला डोळा पुसायचा? हे कारखान्यात बोललात, बाहेर कुठे बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर नाशिकहून यायचे होते. आम्ही भांडं शोकेसमध्ये ठेवलं. डोळा भिंतीकडे.

*

सरांना कळलं नाही.

त्याचं कारण सरांना स्वतःलाच मान्य नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ते दोष बल्बला देत होते. तीन महिन्यांत त्यांनी हॉलमधल्या ट्यूब चारदा बदलल्या. इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "नव्या टॉवरमध्ये करंटच पातळ येतो."

काकूंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. धूळ पुसायला भांडं फिरवलं, थांबल्या, परत होतं तसं ठेवलं. फक्त त्या रविवारी माझ्या चहात साखर नव्हती.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. एकदा तर घरातून वाक्य पाठ करून गेलो. पण मी तोंड उघडायच्या आत सर कुणा पाहुण्याला म्हणाले, "हे भांडं माझ्याशिवाय फक्त मोहन उचलतो. एवढ्या वर्षांत ओरखडा नाही!" मी पाठ केलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं. बिनसाखरेच्या.

असं करता करता तीन वर्षं गेली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणायचे आणि सर घाबरून पुढे ढकलायचे. लिहायला लाज वाटते, पण दरवेळी त्यांनी पुढे ढकललं की मला बरं वाटायचं. ज्या माणसाने मला पेन्सिल धरायला शिकवली त्याने अंधुक बघत राहावं, म्हणजे माझी चूक झाकलेली राहील, असा हिशेब मी करत होतो. रात्री झोप लागायची नाही. शेवटी सर जिन्यात एक पायरी चुकले आणि गुडघा फोडून घेतला. त्या दिवशी मीच त्यांना टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे नेलं, तारीख मीच ठरवली. उजवा डोळा आधी, डावा त्यानंतर महिन्याने.

परत येताना सर लहान मुलासारखे खुशीत होते. "पट्टी निघाली की पहिलं काय बघणार, ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं.

हिराताईला सांगितलं तर ती पापलेट कापता कापता म्हणाली, "मग सांगून टाक. मासा आनि पाप, दोन्ही लई दिवस ठेवलं की वास सुटतो."

काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही. तुझं तू निस्तर."

*

पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही सगळे एकोणिसाव्या मजल्यावर. सर काळा गॉगल लावून दारातून आत आले आणि तिथेच थांबले. गॉगल काढला. आधी समोर काकू होत्या. सर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही भांडी बघत होतात तेव्हा," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून आत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

मग सरांनी भिंतीचा रंग बघितला, खिडकीतून शिवडीकडची खाडी बघितली, माझं टक्कल बघितलं आणि त्याबद्दल दुःख व्यक्त केलं. आणि शोकेसकडे गेले.

मी म्हटलं, "सर, थांबा. मला काही सांगायचंय."

"मग सांग. आधी बघू दे."

त्यांनी बगळ्यांचं भांडं दोन्ही हातांनी बाहेर काढलं. समोर आला तो मूळचा, बिनडोळ्याचा बगळा. सर त्या हिरव्या रंगाकडे बराच वेळ बघत होते. "हा रंग मी विसरलोच होतो रे," ते म्हणाले. आणि त्यांनी भांडं फिरवलं.

बाळूचा बगळा सरांकडे बघत होता. लांब, पाणीदार, कोपऱ्यात लाली.

सरांनी भांडं खिडकीशी नेलं. अजून ऑपरेशन न झालेला डावा डोळा हाताने झाकला आणि नव्या उजव्याने बघितलं. जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं.

मग मात्र मला राहवेना. मी एका दमात सगळं ओकलो. मोबाईल, घाम, भुगा, हिराताईची पाटी, लालबाग, बाळू, आखणी, तीन वर्षं. "सर, मी फोडलं. मीच फोडलं. तुम्ही मला परत ह्या घरात घेतलं नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही."



सरांनी भांडं परत फिरवून मूळचा बगळा बघितला. पुन्हा बाळूचा बघितला. पुन्हा मूळचा. ते ड्रॉइंगच्या वह्या तपासायचे तेव्हा असेच मागे-पुढे बघायचे.

"हा पेंटर अजून लालबागलाच असतो का?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"मग त्याला सांगून ठेव," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात माझा दुसरा डोळा आहे. तेव्हाच ह्या पलीकडच्या बगळ्याचाही करून टाकू."